पद्मिनी उभी ठेवायची की फिरवायची?

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात शिरली की सोनं लुटायला जमलेल्या गर्दीतले कितीतरी मोबाईल तिच्याकडे वळतात. राजाराम महाराजांच्या काळातली ही जर्मन बनावटीची मोटार. सामान्य कोल्हापूरकराला ती दिसते ती बहुतेक वेळा याच एका संध्याकाळी. गेल्या दसऱ्याला ती नजरेआड होते न होते तोच गर्दीतल्या एका आत्या-भाच्यात वाद जुंपला, आणि तो थेट दिवाळीपर्यंत पुरला.

वाद मेबॅकचा नव्हता. पंचगंगेच्या काठाजवळच्या एका पेठेत, जुन्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आत्यांची १९७५ची प्रीमियर पद्मिनी उभी असते, तिचा होता. आत्या निवृत्त शिक्षिका, उभी हयात रसायनशास्त्र शिकवण्यात गेलेल्या. भाचा पुण्यात, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. गाडी आत्यांच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी घेतलेली. त्या काळी मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, त्यामुळे पद्मिनी दारात आली तेव्हा अख्खी गल्ली पेढे खायला जमली होती. आता ती आठवड्यातून एखाद्या वेळी निघते, कपिलतीर्थ मंडईपर्यंत जाते आणि भाजी घेऊन परत येते.

"बघितलंस ना मेबॅककडे?" भाचा म्हणाला. "वर्षातून एकदा बाहेर काढतात म्हणून टिकलीय. आपणही पद्मिनी नीट झाकून ठेवू. मंडईला जायला तुला छोटी गाडी आहे की."

"एकदा का होईना, काढतात ना? दसऱ्याच्या दिवशी गाडी सुरू होते, याचा अर्थ बाकीचं वर्षभर कुणीतरी तिच्यामागे आहे. आपल्याकडे कोण आहे? तू पुण्यात. मी चालवते म्हणून ती चालती आहे."

वरवर पाहता हा नेहमीचा वाद. एकाला वस्तू जपायची असते, दुसऱ्याला वापरायची. पण या दोघांनी तो भावनेवर न सोडता तेल, पाणी, रबर आणि पेट्रोलपर्यंत नेला, आणि तिथे गेल्यावर दोघांच्याही बाजूंना भोकं पडली. म्हणून तो सांगण्यासारखा आहे.

भाच्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा सुट्या भागांचा होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. पुढे सत्तरच्या दशकात तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. जवळजवळ आहे त्याच रूपात ती २०००च्या सुमारापर्यंत बनत राहिली. पण कारखाना थांबल्यावरही तिला खरा आधार होता मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा. हजारो टॅक्सी रोज झिजत होत्या, म्हणून कुठला ना कुठला छोटा कारखानदार तिचे बुश, लायनर, रबरी भाग बनवत होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली.

"टॅक्सी गेली म्हणजे गिऱ्हाईक गेलं," भाचा म्हणाला. "आज एखाद्या रिक्षावाल्याने तुझा मागचा दिवा फोडला, तर तो कुठून आणणार आहेस?"

"उद्यमनगरात लेथवर काय होत नाही? किंगपिनचे बुश मी तिथूनच करून घेतले."

"लोखंड होईल गं लेथवर. दिव्याची काच होईल? दाराचं रबर होईल?"

यावर आत्यांकडे उत्तर नव्हतं. उद्यमनगरातले फाउंड्रीवाले आणि लेथवाले ही जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांची मोठी दौलत आहे. नमुना हातात दिला की तसाच भाग घडवून देणारे कारागीर सगळ्याच शहरांच्या नशिबी नसतात. पण काच, रबर आणि दाबून काढलेला पत्रा त्यांच्या कक्षेबाहेरचा. पद्मिनी रस्त्यावर नेताना तो धोका पत्करूनच न्यावी लागते.

मग आत्यांनी टल्साची गोष्ट काढली. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याला ५० वर्षं झाली, तेव्हा टल्सा शहराने जून १९५७ मध्ये एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हेडिअर काँक्रीटच्या तळघरात पुरली. ५० वर्षांनी पेट्रोल मिळेल न मिळेल, म्हणून सोबत पेट्रोलही ठेवलं. जून २००७ मध्ये तळघर उघडलं तर आत पाणी साचलेलं, आणि गाडी म्हणजे गाडीच्या आकाराचा गंज.

"रस्त्यावर एक ओरखडा न उठता गेली ती," आत्या म्हणाल्या. "उभ्या उभ्या गेली."

"ती उभी राहिल्याने नाही गेली, पाण्यात राहिल्याने गेली. नेब्रास्कात एक शेवरोलेचा विक्रेता होता, लॅम्ब्रेख्त नावाचा. न खपलेल्या गाड्या तो तशाच ठेवून द्यायचा. २०१३ मध्ये लिलाव झाला, त्यात १९५८ची कॅमिओ पिकअप निघाली. किती चाललेली? १.३ मैल. आपल्या हिशोबात दोन किलोमीटर. एक लाख चाळीस हजार डॉलरला गेली."

"आणि बाकीच्या?"

बाकीच्या कित्येक गाड्या वर्षानुवर्षं उघड्यावर राहिलेल्या होत्या, त्यांच्यातून झाडं उगवली होती, हे भाच्याने प्रांजळपणे कबूल केलं. एकाच मालकाच्या ताब्यातल्या, सारख्याच न चाललेल्या गाड्या. छपराखालच्या एकीला डोळे फिरवणारी किंमत आली आणि उघड्यावरच्या मातीला मिळाल्या. न चालवणं म्हणजे सांभाळणं नव्हे, एवढं या उदाहरणातून दोघांनीही मान्य केलं.

आत्यांकडे आणखी एक हुकमी पान होतं: आयर्व्ह गॉर्डन. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणारा हा शाळामास्तर. त्याने १९६६ मध्ये लाल व्हॉल्व्हो पी १८०० घेतली आणि ती आयुष्यभर चालवत राहिला. २०१३ मध्ये त्या एकाच गाडीवर तीस लाख मैल पूर्ण झाले, अठ्ठेचाळीस लाख किलोमीटरच्याही वर. "शिक्षकच होता," आत्या म्हणाल्या, आणि त्यात त्यांचा अभिमान लपत नव्हता.

"गॉर्डन लांब जायचा गं. गाडी तापायची, तासन्‌तास तापलेली राहायची. तू किती जातेस? मंडई. इंजिन कोमट व्हायच्या आत आपण घरी. तू गॉर्डनसारखी चालवत नाहीस, आणि मी त्या कॅमिओसारखी ठेवलेलीही नाही."

इथे वाद खऱ्या अर्थाने रंगात आला. पुढच्या रविवारी दोघांनी मिस्त्रींना बोलावलं. चाळीस वर्षं फियाट-ॲम्बॅसॅडर दुरुस्त केलेला हा माणूस आत्यांना "बाई" म्हणतो, कारण त्याची दोन्ही मुलं त्यांच्या हाताखाली शिकली.

मिस्त्रींनी बॉनेट उघडून पहिल्यांदा हात घातला तो इंजिनात तेल भरायच्या टोपणाला. टोपण फिरवून उलटं केलं आणि आत्यांपुढे धरलं. आतल्या बाजूला पिवळट-पांढरा, लोण्यासारखा थर बसला होता. बोटाने पुसला तर बोटावर चिकटपणा आणि ओल एकदमच आली.

"बाई, ह्यो तेल-पाण्याचा लगदा हाय. गाडी कधी तापलीच न्हाई."

"पण हेड गॅस्केट गेलं असेल तरी असंच होतं ना?" भाच्याने विचारलं.

मिस्त्रींनी डिपस्टिक काढून दाखवली. तिच्यावरचं तेल काळं होतं पण स्वच्छ, पांढरटपणा कुठेच नव्हता. रेडिएटरमधलं पाणीही काठोकाठ. म्हणजे पाणी रेडिएटरमधून आलेलं नव्हतं. मग आलं कुठून?

उत्तर आत्यांनी स्वतःच दिलं, कारण ते त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. जळताना हायड्रोजनचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर चांगले तापले असतील तर ते वाफ होऊन बाहेर पडतं. गार असतील तर त्यातलं काही सायलेन्सरमध्ये साचतं आणि काही पिस्टनच्या कडेने खाली झिरपून तेलात मिसळतं. त्यात जळणातून आलेली आम्लं मिसळतात. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे फक्त पाणी तापलेलं असतं. तेल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. मंडईची फेरी संपते तेव्हा तेल कोमटच असतं.

आत्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग भाच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू आलास की शेडमध्ये उभ्या उभ्या पाच मिनिटं चालू करतोस, ते?"

ते तर आणखी वाईट. बॅटरी टिकावी म्हणून भाचा गाडी सुरू करून ठेवायचा. पण या वयाच्या पद्मिनीला अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे, आणि नुसत्या फिरत्या इंजिनावर डायनॅमो चार्ज जवळजवळ करतच नाही. स्टार्टरने बॅटरीतून जे घेतलं ते परत गेलंच नाही. चोक ओढलेला असल्यामुळे जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन गेलं, आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचलं ते वेगळंच. मिस्त्रींनी सायलेन्सरवर हातोडीची मूठ हळूच आपटली. पुढचा भाग टणटणला, मागचा बद्द वाजला. तो आतून सडला होता.

"चूल पेटवायची आन् भात कच्चा ठिवून उठायचं, आसलं काम हाय हे. फिरवायची तर वीस किलोमीटर फिरवा. न्हाईतर हातच लावू नगा."

कमी वापराच्या गाडीबद्दल याहून उपयोगी सल्ला सापडणं कठीण. गाडीला दोनच गोष्टी मानवतात. एक तर तिला पुरेसं, तेल तापेपर्यंत चालवावं, नाहीतर रीतसर झोपवावं. अधूनमधून थोडीशी सुरू करणं, जे घरोघरी मोठ्या मायेने केलं जातं, ते दोन्हीच्या मधलं आहे आणि त्यानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. आत्या आणि भाचा एकमेकांविरुद्ध भांडत होते, पण प्रत्यक्षात दोघंही हेच मधलं करत होते.

मिस्त्री चाकांपाशी बसले. टायरवरची नक्षी इतकी खोल की कुणालाही नवा वाटावा. त्यांनी कडेवरचे चार आकडे शोधून त्यावरची धूळ पुसली: २६११. म्हणजे २०११ सालचा सव्विसावा आठवडा. अंगठ्याने कड दाबली तशा बारीक भेगा उघडल्या. ज्या गाडीचे टायर झिजतच नाहीत, तिचे टायर बदलायचं कुणाच्या मनातच येत नाही. रबर मात्र चालण्याची वाट न बघता आपल्या वेळेने म्हातारं होतं. हाच प्रकार ब्रेकच्या ऑइलचा. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल २०५ अंशांच्या आत उकळत नाही. पाणी मुरलं की हा आकडा १४० अंशांवर येऊ शकतो. मंडईच्या रस्त्याला त्याने फरक पडत नाही. पन्हाळ्याचा घाट उतरताना ड्रम तापले आणि पायाखालचं पेडल मऊ पडत गेलं, की पडतो. गाडी किती चालली हे न बघता दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं, आणि इंजिनचं तेल दरवर्षी.

"म्हणजे किलोमीटर मोजायचेच नाहीत," आत्या म्हणाल्या.

"कॅलेंडर मोजायचं," भाचा म्हणाला. त्या दिवशी त्यांचं पहिल्यांदा पटलं.

कार्ब्युरेटर उघडल्यावर दुसऱ्यांदा पटलं. फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल मिस्त्रींनी काचेच्या ग्लासात ओतलं. वर पेट्रोल, आणि तळाला पाऱ्यासारखा हलणारा एक वेगळा थर. वाटीच्या तळाशी राखाडी पावडर धरली होती.

हा इथेनॉलचा कारभार. देशातल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठलं गेलं आणि पुढच्या तीन वर्षांत ते २० टक्क्यांवर गेलं. कोल्हापूरसारख्या ऊसपट्ट्यात इथेनॉलचं मोल कुणी सांगायला नको. साखरेला उठाव नसतो तेव्हा कारखान्याला आणि पर्यायाने ऊसवाल्याला त्याचाच हात असतो. आत्यांचे दोन चुलतभाऊ ऊसच लावतात. पण १९७५ची गाडी ज्यांनी आखली, त्यांच्या डोळ्यांसमोर हे इंधन नव्हतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या हवेतली ओल पावसाळाभर पेट्रोलमध्ये मुरत राहते. एका मर्यादेपर्यंत ते पाणी विरघळलेलं राहतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात.

"आणि पेट्रोल ओढणारी नळी कुठे असते? तळाला," आत्या म्हणाल्या. त्या आता वर्गात शिकवत असल्यासारख्या बोलत होत्या.

पुढचं भाच्याने सांगितलं, कारण ते त्याचं रोजचं काम. जुन्या गाडीतले रबरी पाइप, पंपाचा पडदा, बुचाचे गॅस्केट हे सगळं इथेनॉलने फुगतं किंवा कडक होऊन तडकतं. तडकलेल्या पाइपातून गळणारं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडलं तर गाडीच राहणार नाही. त्यामुळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच हवेत, आणि ते आधी बदलावेत, बाकीचं नंतर. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीतला सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो. पद्मिनीच्या कार्ब्युरेटरला काही कळत नाही. तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल सोडतो, मिश्रण पातळ पडतं, इंजिन जास्त तापतं. जेट एक माप मोठा घालून ते जुळवता येतं. २०००च्या १ फेब्रुवारीपासून देशभर पेट्रोलमधलं शिसं गेलं, तेव्हाही जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटची अशीच काळजी पडली होती. सावकाश चालवणाऱ्यांच्या गाड्या त्यातून निभावल्या. इथेनॉलचं तसं नाही; ते गाडी उभी असतानाच काम करतं. म्हणून दोन-तीन महिन्यांहून जास्त उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करणं बरं, आणि वापरात ठेवायची असेल तर टाकी भरलेली बरी.

एवढं पटल्यावर वाद मिटेल असं मिस्त्रींना वाटलं असावं. तो मिटला नाही, कारण भाच्याने पिशवीतून एक अर्ज काढला.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२१च्या जुलैमध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राहिलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार. नव्याने नोंदणाऱ्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच ठेवता येतो. पद्मिनीने नुकतीच पन्नाशी ओलांडली, म्हणून भाच्याला घाई. साध्या नोंदणीवर राहायचं तर दर पाच वर्षांनी तपासणी, पर्यावरण कर, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाला १० हजार रुपये.

"आप्पांचा नंबरही राहील. आणि उद्या दिल्लीसारखे नियम इकडे आले तर ती भंगारात जाणार नाही. कागदोपत्री तिला मान मिळेल."

"आणि मंडईला जाता येईल?"

नाही. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्याचसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही.

"मग ती आपली गाडी राहिली कुठे? ती दाखवायची वस्तू झाली. आप्पांनी ती दाखवायला नव्हती घेतली. माझ्या आईला दवाखान्यात नेलं त्यांनी तिच्यातून. तुझ्या बापाला पहिल्यांदा पुण्याला सोडलं."

"म्हणूनच तर ती राहायला हवी, आत्या."

इथे कोण बरोबर, हे इंजिनाचं टोपण उघडून ठरत नाही. जगातल्या मोठमोठ्या संग्राहकांचंही यावर एकमत नाही. फिलाडेल्फियाच्या सिमिओन संग्रहालयात किमती रेसिंग गाड्या ठेवलेल्या आहेत, आणि ठरलेल्या दिवशी त्या संग्रहालयामागच्या मोकळ्या जागेत लोकांसमोर फिरवून दाखवतात. लंडन ते ब्रायटनची नोव्हेंबरातली फेरी तर १९०५च्या आधी बनलेल्या गाड्यांसाठीच आहे; शंभरी केव्हाच ओलांडलेली वाहनं पावसात, थंडीत, कुरकुरत ब्रायटन गाठतात. उलट बहुतेक संग्रहालयं तेल-पेट्रोल काढून, दोरखंडापलीकडे गाडी उभी करतात. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: गाडीचं काय करायचं हे ठरवलेलं असतं आणि ते करणारा माणूस नेमलेला असतो. घरच्या गाडीत नेमकी तीच उणीव असते. आपुलकी भरपूर, जबाबदारी कुणा एकाची नाही.

भाच्याने मग पावसाळ्याची योजना मांडली. जूनपासून दसऱ्यापर्यंत गाडी झोपवायची. टाकी रिकामी, बॅटरी काढून घरात मेंटेनर चार्जरवर, ॲक्सलखाली स्टँड लावून चाकं उचललेली, सायलेन्सरच्या तोंडाला उंदीर शिरू नयेत म्हणून जाळी, वर सुती आच्छादन. प्लॅस्टिकचा कागद अजिबात नाही, कारण त्याखाली ओल कोंडते आणि पत्रा आतून घाम धरतो. योजना पुस्तकात असते तशीच, निर्दोष.

"दोन हजार एकोणीस विसरलास," आत्या म्हणाल्या.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी पेठेत शिरलं, तेव्हा भाचा पुण्यात होता. आत्यांनी रात्री साडेअकराला पद्मिनी बाहेर काढली आणि उंचावरच्या नातेवाइकांच्या दारात नेऊन लावली. शेजारच्या वाड्यातली एक गाडी दोन वर्षं हललेली नव्हती. हँडब्रेक ओढून ठेवलेला, ब्रेकचे शू ड्रमला गंजून चिकटलेले. आठ जणांनी ढकलली, मागची चाकं फिरली नाहीत. सकाळी तिचं फक्त छप्पर दिसत होतं. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं.

"आपल्याकडे गाडी झोपवायचे महिने आणि पुराचे महिने एकच आहेत," आत्या म्हणाल्या. "चाकं उचललेली, टाकी रिकामी, बॅटरी घरात. आणि रात्री पाणी आलं तर?"

भाचा निरुत्तर झाला. पुण्यात बसून पुस्तकाप्रमाणे केलेली योजना नदीकाठच्या पेठेत अशी उघडी पडते. गाडी सांभाळण्याचे नियम हवामानाप्रमाणे बदलतात हे सगळे मान्य करतात; ते गल्लीप्रमाणेही बदलतात, हे गल्लीत राहणाऱ्यालाच माहीत असतं.

शेवटी योजना मिस्त्रींच्या समोर, शेडमध्येच, आत्यांच्या जुन्या शाळेच्या वहीत लिहिली गेली. मे अखेर गाडी उंचावरच्या नातेवाइकांच्या गॅरेजमध्ये न्यायची आणि पावसाळाभर तिथेच ठेवायची. पत्र्याच्या शेडपेक्षा ती जागा कोरडीही आहे. तिथे तिला पूर्ण झोप: टाकी रिकामी, नवं तेल भरून मगच बंद, हँडब्रेक सोडलेला आणि चाकामागे लाकडी ठोकळा. दसऱ्याच्या आधी मिस्त्री पॉइंट साफ करून गॅप लावतील, किंगपिनला ग्रीस मारतील, ब्रेक उघडून बघतील. त्यानंतर मे महिन्यापर्यंत महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी पन्हाळा. वीसेक किलोमीटर, शेवटी घाटाची चढण. वर पोचेपर्यंत तेलातलं पाणी उडून जाईल एवढी गाडी तापते. मंडई बंद. ही अट आत्यांना जड गेली, पण त्या टोपणातला लगदा त्यांनी स्वतःच्या बोटाने पुसला होता.

खर्चाचा क्रमही ठरला: आधी पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा, मग ब्रेक, मग पाचही टायर, शेवटी सायलेन्सर. रंगाचं काम भाच्याच्या यादीत सगळ्यात वर होतं. ते मिस्त्रींनी खाली ढकललं. खालचा पत्रा आणि दाराखालचे सिल आधी ठोकून बघू, म्हणाले, वरून रंग मारून आतला गंज झाकायला त्यांचा नकार होता.

अर्जाचं मात्र ठरलं नाही. आत्यांनी तो परत दिला. साध्या नोंदणीची मुदत संपायला अजून अवधी आहे, तोवर गाडी साध्या नोंदणीवरच राहणार. भाच्याने एक अट घातली: तोपर्यंत त्याला ती चालवायला शिकवायची. इतक्या वर्षांत तो स्टिअरिंगवरच्या गिअरच्या वाटेला कधी गेला नव्हता.

"पहिला गिअर स्वतःकडे ओढून वर," आत्या म्हणाल्या. "क्लच पूर्ण दाबायचा, घाई करायची नाही. पण आधी पाइप बदलून होऊ दे. मिस्त्री, कधी आणता?"

"मंगळवारी," मिस्त्री म्हणाले आणि कार्ब्युरेटरची वाटी पुसायला लागले.